सेंट ऑगस्टीनचा मनोरा का पडला? जुन्या गोव्यातल्या दोन मठांची आणि एका राणीची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातले "तर", "म्हणजे" थोडे गाळलेत, सगळे नाही. सगळे गाळले तर तो मी वाटणार नाही.

विषय आहे जुनं गोवं. थांबा, लगेच पुढे जाऊ नका. बॉम जीझस, सेंट झेवियर, सहलीचे फोटो, हे सगळ्यांना माहीत आहे. मी बोलणार आहे तिथून दहा मिनिटं चढ चढून गेल्यावर दिसणाऱ्या एका अर्ध्या मनोऱ्याबद्दल.

झालं असं की आमचं कुलदैवत मंगेशी. मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता आई-बाबांना घेऊन गेलो होतो. अभिषेक झाला, जेवण झालं, परतीच्या गाडीला वेळ होता. मंगेशीहून जुनं गोवं अर्ध्या-पाऊण तासावर, म्हणून तिकडे गेलो. बॉम जीझसला गर्दी होती, तेव्हा बाबा म्हणाले, "तो वरचा मनोरा बघून येऊ." वर गेलो तर जांभ्या दगडाचा एक उंचच उंच तुकडा उभा. चाळीस-पंचेचाळीस मीटर असेल. मनोऱ्याचा अर्धा भाग उभा सोलून काढल्यासारखा गेलेला. मागे छप्पर नसलेलं देवालय, भिंतींवर कुठेकुठे निळ्या-पिवळ्या फरशांचे तुकडे, जमिनीवर थडग्यांचे दगड. आणि रस्त्याच्या पलीकडे त्याच काळातली, तशीच प्रचंड इमारत, पण धडधाकट.

बाबांनी साधा प्रश्न विचारला. "हे पडलं आणि ते का नाही पडलं?"

मला उत्तर येत नव्हतं. नंतर शोधत बसलो, आणि मला वाटतं हा प्रश्न फक्त गोव्यापुरता नाही.

कॉन्व्हेंट म्हणजे शाळा नव्हे

आधी एक शब्द मोकळा करू. आपल्याकडे "कॉन्व्हेंट" म्हटलं की इंग्रजी शाळा, टाय आणि डायरी. पण मुळात कॉन्व्हेंट म्हणजे मठ. त्या मठांनी शाळा चालवल्या, म्हणून शाळेला ते नाव चिकटलं.

ख्रिस्ती धर्मगुरू ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक, बिशपच्या हाताखाली एखाद्या गावाचं चर्च सांभाळणारा. दुसरा, एखाद्या धर्मसंघाचा सदस्य. तो ब्रह्मचर्य, अपरिग्रह आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतो, संघाच्या नियमाने राहतो, आणि संघ पाठवेल तिथे जातो. आपल्याकडची तुलना तंतोतंत बसत नाही, पण समजायला सांगतो. गावच्या देवळाचा गुरव वेगळा आणि आखाड्याचा किंवा मठाचा साधू वेगळा. गुरव गावाशी बांधलेला. साधू आपल्या परंपरेशी बांधलेला, आणि त्याची परंपरा एका गावापेक्षा मोठी.

गोवा पोर्तुगीजांनी १५१० मध्ये जिंकला. त्यांच्या मागोमाग हे संघ आले. आधी फ्रान्सिस्कन. १५४२ मध्ये फ्रान्सिस झेवियर, म्हणजे जेझुइट. १५४८ मध्ये डॉमिनिकन. आणि १५७२ मध्ये ऑगस्टिनियन, चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत होऊन गेलेल्या संत ऑगस्टीनच्या नावाने चालणारा संघ. आपली गोष्ट या शेवटच्यांची.

मठ म्हणजे नुसतं प्रार्थनेचं घर नव्हतं. त्यात ग्रंथालय, आजाऱ्यांची खोली, स्वयंपाकघर, नव्या मुलांना शिकवायची जागा, हिशेबाच्या वह्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मठाला उत्पन्न होतं. जमिनी, भाडी, देणग्या, राजाकडून मिळणारा पैसा. या पैशाचा उगम सगळीकडे निर्मळ नव्हता. तिसवाडीत १५४० च्या सुमारास देवळं पाडली गेली आणि त्यांच्या जमिनींचं उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळवलं गेलं. त्यातूनच जुन्या गोव्यातलं सेंट पॉल कॉलेज पोसलं गेलं, जे पुढे जेझुइटांकडे गेलं. ही गोष्ट बाजूला ठेवून या इमारतींचं कौतुक करणं मला जमत नाही. तिच्याकडे शेवटी परत येऊ.

टेकडीवरचे दोन मठ

जुन्या गोव्याच्या पश्चिमेला एक टेकडी आहे. पोर्तुगीज तिला मोंते सांतो म्हणत, पवित्र टेकडी. ऑगस्टिनियनांनी इथे मठ आणि चर्च बांधलं. चर्चचं नाव नोसा सेन्योरा दा ग्रासा, कृपेची माता. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, १६०२ च्या आसपास, हे काम पूर्ण झालं. दर्शनी बाजूला दोन मनोरे, आत प्रचंड कमानदार छत, बाजूला आठ छोटी प्रार्थनालयं.

त्याच्या समोरच, रस्ता ओलांडला की, सांता मोनिका. हा बायकांचा मठ. मोनिका म्हणजे संत ऑगस्टीनची आई. तेव्हाचे गोव्याचे आर्चबिशप आलेशो दे मेनेझेस स्वतः ऑगस्टिनियन होते. त्यांनी १६०६ मध्ये हा मठ सुरू केला आणि १६२७ मध्ये इमारत पूर्ण झाली. पूर्वेकडच्या देशांमधला हा पहिला जोगिणींचा मठ मानतात.

आता हे दोन मठ शेजारी ठेवून बघा. एकच टेकडी. एकच जांभा दगड. तोच पाऊस, वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर. एकाच परंपरेचे लोक. आणि पुढे दोघांवर एकच कायदा आला. इंजिनिअरला असा योगायोग क्वचित मिळतो. बाकी सगळं सारखं आणि फरक फक्त एका गोष्टीत.

लिस्बनमधला एक हुकूम

१८२८ ते १८३४ या काळात पोर्तुगालमध्ये दोन भावांमध्ये गादीवरून यादवी झाली. एका बाजूला जुनी राजेशाही, दुसऱ्या बाजूला राज्यघटना मागणारे उदारमतवादी. बरेचसे मठ पहिल्या बाजूचे, निदान तसे मानले गेलेले. उदारमतवादी जिंकले. मे १८३४ मध्ये न्यायमंत्री झोआकिं आंतोनियो द आगियार यांनी हुकूम काढला. पुरुषांचे सगळे मठ बंद, त्यांची मालमत्ता सरकारजमा. या मंत्र्याला लोकांनी पोर्तुगीजमध्ये टोपणनाव दिलं, त्याचा अर्थ "साधूमार्‍या".

हा हुकूम गोव्यात १८३५ मध्ये अमलात आला. बाकी संघांबरोबर ऑगस्टिनियनांनाही टेकडी सोडावी लागली. जमिनी सरकारकडे गेल्या, मौल्यवान वस्तू हलवल्या किंवा विकल्या गेल्या.

हुकुमात एक बारीक कलम होतं. बायकांचे मठ लगेच बंद करायचे नाहीत. नव्या मुलींना घ्यायचं नाही, पण ज्या आहेत त्यांना मरेपर्यंत राहू द्यायचं. शेवटची गेली की मठ बंद.

बस. एवढाच फरक.

सात वर्षं

ऑगस्टिनियन १८३५ मध्ये गेले. चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं. सात वर्षं. दोनशेहून अधिक वर्षं उभी असलेली वास्तू माणसं गेल्यावर सात पावसाळ्यांत खचली. पुढे १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला, आणि १९३८ मध्ये आणखी काही भाग. आज आपण बघतो तो उरलेला अर्धा.

हे इतक्या लवकर कसं होतं? कोकणातल्या कुणालाही विचारा, तो सांगेल. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. पण त्याच्या अंगात भोकं असतात. पाणी पितो. म्हणून जुनी माणसं जांभ्याच्या भिंतीला चुन्याचा गिलावा करत आणि तो वारंवार दुरुस्त करत. चुना हा इमारतीचा रेनकोट. गिलावा फुटला, कौल सरकलं, पन्हळीत पानं अडकली की पाणी आत शिरतं. आतला चुना हळूहळू धुऊन जातो. फटीत पिंपळाचं बी पडतं. पिंपळाचं मूळ काय करतं ते आपल्याकडच्या कुठल्याही किल्ल्यावर बघा.

त्यात कमानदार छत. सपाट छताचं वजन खाली जातं. कमानीचं वजन खाली जातं आणि बाजूंच्या भिंतींना बाहेरही ढकलतं. भिंती जाड आणि कोरड्या आहेत तोवर त्या हा रेटा सोसतात. भिंत भिजून जराशी बाहेर झुकली की कमानीचे दगड सैल होतात, आणि मग ती एकदम येते.

यात कुठेही भूकंप नाही, तोफ नाही, शत्रू नाही. फक्त एक माणूस कमी झाला. मे महिन्यात शिडी लावून कौलं चाळणारा माणूस. कोकणात आजही पावसाआधी घर शाकारतात ना, तेच काम. ऑगस्टिनियनांच्या मठात हे काम कुणाच्या तरी गळ्यात होतं, त्यासाठी वहीत रक्कम होती. १८३५ नंतर मालक सरकार झालं. पण शिडी लावणारा कुणी उरला नाही.

आमच्या धंद्यातलं एक उदाहरण

हे वाचताना मला माझ्या एका जुन्या नोकरीतली गोष्ट आठवली. कंपनीचं नाव सांगत नाही. पुनर्रचना झाली आणि एक पूर्ण टीम मोडली. तिचा एक प्रोग्रॅम मात्र रोज रात्री चालत राहिला. चालतोय म्हणून कुणाचं लक्ष नाही. कागदोपत्री मालकी "विभागाची" होती, म्हणजे कुणाचीच नव्हती. वर्षभराने त्याच्या एका सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली आणि तीन शहरांतली कामं एका सकाळी ठप्प झाली. दुरुस्ती पाच मिनिटांची होती. कुठे दुरुस्त करायचं हे शोधायला दोन दिवस गेले. आम्हाला वाचवलं ते त्या टीममधल्या एकाने जाता जाता लिहून ठेवलेल्या साध्या फाइलने. काय कुठे आहे, एवढंच त्यात होतं.

ती फाइल लक्षात ठेवा. पुढे लागेल.

समोरच्या मठाचं काय झालं

सांता मोनिकामध्ये बायका राहत राहिल्या. वाढत्या वयात, घटत्या संख्येने, रिकाम्या होत जाणाऱ्या शहरात. राजधानी १८४३ मध्ये अधिकृतपणे पणजीला गेली. आजूबाजूचे रस्ते झाडीत गेले. समोरच्या चर्चचं छत पडलं, तेव्हा या बायका रस्त्यापलीकडे होत्या. हे माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याच परंपरेचं थोरलं देवालय ढासळताना बघत आपल्या छताची कौलं सांभाळायची. पुढे आपल्या जागी कुणी येणार नाही, हेही माहीत असताना.

शेवटची जोगीण १८८५ मध्ये वारली. हुकुमानंतर पन्नास वर्षांनी. त्यानंतर इमारतीत लष्कर आलं, बराकी झाल्या. इमारतीचे हाल झाले असतील, पण छताखाली माणसं होती. आज तिथे जोगिणींना शिकवणारी संस्था आहे आणि ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे.

आणखी दोन उदाहरणं याच शहरात सापडतात. फ्रान्सिस्कनांच्या मठात आज पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, म्हणून तो उभा आहे. बॉम जीझसचं तर त्याहून गमतीशीर. ते जेझुइटांचं, आणि जेझुइटांना पोर्तुगालने सगळ्यांच्या आधी, १७५९ मध्येच हाकललं. तरी ते टिकलं. कारण तिथे झेवियरचं शव आहे. लोक यायचे थांबले नाहीत. संघ गेला, पण त्याची जागा भाविकांनी घेतली. दर दहा वर्षांनी शवप्रदर्शन होतं, मागचं २०२४-२५ मध्ये झालं.

आणि ऑगस्टिनियनांची घंटा? मोठी, सुंदर घंटा होती ती. आधी आग्वाद किल्ल्याच्या दीपगृहात गेली. १८७१ मध्ये पणजीच्या चर्चमध्ये बसवली. पणजीत पायऱ्यापायऱ्यांचं पांढरं चर्च आहे ना, सिनेमात दिसतं ते, त्याच्या माथ्यावर तीच घंटा. मनोरा गेला, पण घंटेला वाजवणारा मिळाला म्हणून ती अजून वाजते.

दुसऱ्या खिडकीखालची राणी

आता ती फाइल.

काकेशसच्या डोंगरात जॉर्जिया नावाचा देश. सतराव्या शतकात तिथल्या काखेती राज्याची राणी केतेवान. तिचा मुलगा तैमुराझ तिथला राजा. इराणचा शहा अब्बास पहिला याच्याशी बोलणी करायला ती गेली आणि ओलीस म्हणून अडकली. जवळजवळ दहा वर्षं शिराझमध्ये कैदेत राहिली. धर्म बदल असा आग्रह झाला, तिने नकार दिला. सप्टेंबर १६२४ मध्ये तिला तापलेल्या चिमट्यांनी हाल करून मारलं.

शिराझमध्ये तेव्हा काही ऑगस्टिनियन साधू होते. केतेवान ऑर्थोडॉक्स पंथाची, हे कॅथलिक. तरी त्यांनी तिचे अवशेष गुपचूप काढले. काही भाग तिच्या मुलाकडे जॉर्जियात पोचवला. काही भाग १६२७ मध्ये गोव्याला आणला आणि याच टेकडीवरच्या मठात ठेवला. आणि त्यांनी लिहून ठेवलं. मठाच्या सभेच्या दालनाला लागून असलेल्या प्रार्थनालयात, वेदीकडे तोंड केल्यावर उजव्या बाजूला, दुसऱ्या खिडकीपाशी, दगडी पेटीत.

जॉर्जियात केतेवान संत मानली जाते. तिथल्या लोकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारत सरकारकडे शोधाची विनंती केली. पण १९८९ च्या सुमारास ज्या जागेत शोध सुरू झाला तिथे ना खिडकी होती ना भिंत. होता तो जांभ्याचा ढिगारा. "दुसरी खिडकी" कुठली, हे ठरवायला आधी प्रार्थनालय कुठलं हे ठरवायला हवं. पुरातत्त्व खात्याने वर्षानुवर्षं ढिगारा उपसला. जुन्या कागदांत त्याच प्रार्थनालयात पुरलेल्या लोकांची नावं होती. ती नावं कोरलेले थडग्याचे दगड सापडले, आणि त्यावरून प्रार्थनालयाची जागा निश्चित झाली. २००४ च्या सुमारास तिथे एक लांब हाड मिळालं. आजूबाजूला आणखीही काही हाडं होती.

पण एक हाड राणीचं कसं म्हणायचं? हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ते तपासलं. गोव्यासारख्या उष्ण, दमट जागी डीएनए फार लवकर तुटतो. म्हणून त्यांनी पेशीच्या केंद्रातला नव्हे, तर मायटोकाँड्रियातला डीएनए घेतला. एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे एखादी वाचण्याची शक्यता जास्त. शिवाय तो फक्त आईकडून येतो, म्हणजे आई, आजी, पणजी अशी एक सरळ ओळ मिळते.

त्या हाडात यू-१-बी नावाचा गट मिळाला. भारतातल्या वीस हजारांहून जास्त नमुन्यांमध्ये तो शोधला, एकातही सापडला नाही. जॉर्जियातल्या तीस जणांमध्ये शोधला, दोघांत सापडला. शेजारी मिळालेल्या इतर दोन हाडांचे गट मात्र भारतात आढळणारे निघाले.

इथे जरा थांबून विचार करू, कारण व्हॉट्सॲपवर हे "डीएनएने सिद्ध झालं" असं फिरतं. नुसत्या डीएनएने एवढंच कळतं की ही व्यक्ती आईच्या बाजूने भारतातली नसावी, काकेशसच्या परिसरातली असू शकते. गोवा तर बंदर होतं, कुठून कुठून माणसं यायची. नुसत्या कागदाने कळतं की राणी अमुक खिडकीपाशी होती, पण ढिगाऱ्यातलं कुठलं हाड तिचं, ते कळत नाही. दोन्ही एकत्र आले की गोष्ट बदलते. त्याच प्रार्थनालयात, नेमक्या त्याच भागात, नेमकं त्याच प्रदेशाकडे बोट दाखवणारं हाड. शास्त्रज्ञांनीही शब्द जपूनच वापरले. हे हाड राणीचं असण्याची शक्यता दाट आहे, असं ते म्हणाले.

१० जुलै २०२१ रोजी भारताचे परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी या अवशेषांचा एक भाग तिबिलिसीमध्ये जॉर्जियाला दिला. जवळजवळ चारशे वर्षांनी राणी घरी गेली.

इमारत पडली होती. संघ हाकलला गेला होता. पेटीही जागेवर नव्हती. तरी राणी सापडली, कारण कुण्या साधूने लिहून ठेवलं होतं की काय कुठे आहे.

आणि आता मंगेशी

मघाशी म्हटलं होतं, परत येऊ.

सोळाव्या शतकात पोर्तुगीज हद्दीतली देवळं पाडली जाऊ लागली. मंगेशाचं मूळ स्थान कुशस्थळी, आजचं कुठ्ठाळी, जुवारी नदीच्या काठी. १५६० च्या सुमारास तिथल्या लोकांनी देव उचलला आणि नदी ओलांडून अंत्रूज महालात, म्हणजे फोंड्याच्या बाजूला नेला. ते तेव्हा पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर होतं. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. दिवाडी बेटावरचा कदंबांचा सप्तकोटेश्वर नदीपलीकडे नार्व्याला गेला, आणि त्याचं देऊळ १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नव्याने बांधवून घेतलं.

बघा, ऑगस्टिनियनांच्या बरोबर उलट. तिथे इमारत राहिली, माणसं गेली, आणि इमारत सात वर्षांत संपली. इथे इमारत गेली, माणसं राहिली, आणि साडेचारशे वर्षांनी मी तिथे जेवून येतो.

म्हणून बाबांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. देवालय दगडावर उभं राहत नाही. दरवर्षी पावसाआधी कौलं बघायला येणाऱ्या माणसावर उभं राहतं. आणि ज्याने ते पाडलं, त्याच्याही देवालयाला हाच नियम लागतो. यात आनंद मानावा असं मला वाटत नाही. त्या मनोऱ्याखाली उभं राहून "बरं झालं" असं मनात आलं नाही. आपल्या घरची उरलेली चौकट बघावी तसं वाटलं.

आता एक प्रश्न उरतो, तो आपल्या पिढीचा. आज त्या मनोऱ्याला पुरातत्त्व खातं सांभाळतं, आणि १९८६ पासून जुन्या गोव्यातली चर्चं आणि मठ युनेस्कोच्या यादीत आहेत. चांगलंच आहे. पण यादीत नाव असणं वेगळं आणि शिडी लावणं वेगळं. बॉम जीझसचंच बघा. १९५० च्या दशकात जुना दिसावा म्हणून त्याचा बाहेरचा गिलावा काढून टाकला. फोटोत तो तांबडा दगड फार छान दिसतो. पण तोच पाणी पिणारा जांभा, आता रेनकोटशिवाय. गिलावा परत करावा का, यावर गोव्यात अजून वाद चालू आहे. आजवरचं सगळं वाचून माझं मत करावा असं आहे, मग फोटो कसाही येवो.

आमच्या घरात मंगेशीला दरवर्षी अभिषेकाचे पैसे बाबा पाठवतात. पूर्वी मनीऑर्डरने, आता फोनवरून. काही दिवसांनी पोस्टाने प्रसादाचं पाकीट येतं, त्यात अंगारा आणि सुकलेल्या पाकळ्या. मी आजवर त्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. त्या संध्याकाळी मनोऱ्यावरून उतरताना बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षीपासून हे तू बघ." मी फारसा देवभोळा नाही, हे त्यांना माहीत आहे. मी "बघतो" म्हणालो. आपल्याकडे "बघतो" म्हणजे बहुतेक वेळा नाही.

पण घरी आल्यावर मी एक फाइल केली. पैसे कुठे पाठवायचे, कुणाच्या नावे, गोत्र काय, मूळ गाव कुठलं, देव कुठून कुठे आला, आजोबांनी कधी काय दिलं. बाबांना विचारून विचारून भरली. दोन पानं झाली. आणि यंदाचे पैसे मीच पाठवले.

तुमच्या घरी अशी कुठली गोष्ट आहे, जी सगळ्यांची आहे आणि बघतं मात्र एकच माणूस? त्या माणसाला या आठवड्यात फोन करा, आणि तो काय सांगतो ते लिहून घ्या. पुढच्या भागात भेटू.